ईश्वरप्पा आणि गिटारचा ठोकळा

ईश्वरप्पा हत्तुरेला ऐकू येत नाही, हे साखर पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे एवढं मात्र एकाच माणसाला ठाऊक नव्हतं, आणि तो म्हणजे खुद्द ईश्वरप्पा. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. हा गडी डोळे टक्क उघडे ठेवून समोरच्याच्या ओठांकडं बघत बसायचा आणि मनातल्या मनात खूश व्हायचा, की बघा, आणखी एकाला चकवलं.

कान गेले ते गिरणीत. एकतीस वर्षं मागांच्या खात्यात जॉबर म्हणून काढली. जॉबर म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारा माणूस. एका छपराखाली चारशे माग खडाखडा चालायचे. तिथं कान असलेल्यालाही ऐकू येत नसे, त्यामुळं सगळं खातं ओठांवरनंच बोलायचं. खात्यातून बाहेर पडल्यावर बाकीचे पुन्हा कानाने ऐकू लागले आणि ईश्वरप्पा ओठांवरच राहिला. निवृत्त झाल्यावर त्याने घराच्या पुढच्या खणात एक जुनं लेथ मशीन टाकलं आणि पेठेतल्या यंत्रमागांची दुरुस्ती सुरू केली. हात सोन्याचा होता, काम चालून आलं.

पण धास्ती होती. मागाचं दुखणं आधी कानाला कळतं, असं पेठेत समजत. बहिऱ्या जॉबरकडं माग कोण आणणार? बातमी फुटली, की दुकान बंद आणि मग दिवसभर घरात, बायकोच्या, सुंदरम्माच्या राज्यात, लसूण सोलत बसायचं. म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची. गिऱ्हाइकाचं स्टूल त्याने दाराकडं तोंड करून ठेवलं होतं, म्हणजे उजेड बरोबर ओठांवर पडायचा. कुणी भरभर बोललं तर डॉक्टरसारखा हात वर करून म्हणायचा, "घाई कशाला? नीट सांगा की."

ही व्यवस्था बारा वर्षं बिनबोभाट चालली. मग शहात्तर सालच्या हिवाळ्यात दुकानाच्या दारात एक मिशी उभी राहिली.

मिशीमागं जोतीराम होता. मूळ गाव केम, घरी शेती, सोलापुरात जकात नाक्यावर कारकून. संध्याकाळी मात्र हा कारकून हिंदुरावच्या ऑर्केस्ट्रात विजेवरची गिटार वाजवायचा. मिशी ऑर्केस्ट्रासाठीच राखलेली. वरचा ओठ तिने कधीच गिळला होता, खालच्यावरही तिची नजर होती. हिंदुरावच्या जाहिरातीत गिटारच्या आधी मिशी दिसायची.

जोतीरामने स्टुलावर बसून गिटार मांडीवर घेतली आणि बोलायला सुरुवात केली. चांगला दहा मिनिटं बोलला. सगळं मिशीत अडकलं. ईश्वरप्पाला फक्त केस हलताना दिसत होते.

तो काय सांगत होता ते आपण तरी समजून घेऊ. हिंदुरावच्या खेळाची सुरुवात अशी की नाट्यगृहात अंधार, पडदा बंद, आणि आतून एकट्या गिटारचा एकच लांब सूर. त्या सुरावर पडदा उघडायचा. कल्पना फक्कड होती. पण पडदा ओढणारा रावजी म्हातारा माणूस, दोर हाताने ओढायचा, त्याला दहा आकडे मोजेपर्यंत वेळ लागे. गिटारचा सूर चौथ्या आकड्याला मान टाकायचा. उरलेले सहा आकडे नुसता अंधार आणि दोराची करकर. मागच्या खेळाला गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "लाइट गेली काय बे?" सगळं थिएटर हसलं. हिंदुरावने दुसऱ्या दिवशी जोतीरामला बोलावून सांगितलं, की येत्या रविवारी पडदा पुरता उघडेपर्यंत सूर टिकला तर ठीक, नाहीतर तुझ्या जागी कुर्डुवाडीचा अकॉर्डियनवाला बसेल. त्याचा भाता हलतोय तोवर सूर हलत नाही.

"म्हून आलो, आप्पा," जोतीराम म्हणत होता. "सूर लवकर मरतुया. त्यो जास्त येळ टिकला पायजे. लई टिकला पायजे."

"हां," ईश्वरप्पा म्हणाला.

मग जोतीरामने गिटार पालथी घालून मागचं झाकण काढलं आणि इथं ईश्वरप्पाच्या जिवात जीव आला. लोखंड बोलायला लागलं की त्याला मिशी आड येत नसे. आत एक ठोकळा होता, तीन स्प्रिंगांनी ओढून धरलेला. सहाही तारा त्या ठोकळ्यातून वर जाऊन पुढच्या पट्टीवर टेकत होत्या. पट्टीला एक वाकडा दांडा. तो दाबला की पट्टी कलायची, तारा सैल व्हायच्या, सोडला की पुन्हा ताठ. सूर झोके घेतो तो यानेच. ठोकळा हलक्या जस्ताचा, ओतताना आत बुडबुडे राहिलेला. जोतीरामने त्यावर नख मारून तोंड वाकडं केलं, मग दुकानातल्या पितळेच्या गजाकडं बोट दाखवलं. मुंबईच्या एका जुन्या वाजवणाऱ्यानेच त्याला हे सांगितलं होतं, की ठोकळा भरीव पितळेचा कर, सूर धरून ठेवेल.

ठोकळा बदलायचा, हे ईश्वरप्पाला कळलं. कशासाठी, ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर पुन्हा मिशीतूनच आलं असतं.

दोन दिवस तो त्यावर बसला. पितळ कापलं, कानशीने घासलं, सहा भोकं अशी पाडली की दोऱ्याचाही फरक नाही. ठोकळा देव्हाऱ्यात ठेवावा असा उजळला. सुंदरम्मा जेवायला बोलवायला उंबऱ्यात आली, तर तिला म्हणाला, "बघ, बघ. सोन्यासारखं काम आहे."

"त्याला माळेत ओवून माझ्या गळ्यात घाला," ती म्हणाली. "बारा वर्षांत तेवढंच राहिलंय."

इथपर्यंत सगळं उत्तम होतं. इथेच थांबला असता तर ही गोष्ट घडली नसती. पण ईश्वरप्पातला जॉबर जागा झाला. स्प्रिंगांवर लोंबकळणारी पट्टी, हलणारा दांडा, कापणाऱ्या तारा. हे बघून त्याच्या अंगावर काटाच आला. जॉबरच्या शास्त्रात थरथर म्हणजे रोग. माग थरथरला की दोरा तुटतो, नट ढिले होतात, मागाखालची जमीन उखडते. एकतीस वर्षं त्याने एकच उद्योग केला होता. जिथं थरथर दिसेल तिथं तिचा गळा दाबायचा. आणि हे यंत्र तर नखशिखांत थरथरत होतं. बिचारा जोतीराम म्हणूनच आला असणार.

मागावर धोट्याला टोला मारणारा कातड्याचा तुकडा असतो, त्याला पिकर म्हणतात. म्हशीचं कातडं, वर्षानुवर्षं तेल पिऊन मुरलेलं. ईश्वरप्पाने जपून ठेवलेला एक जुना पिकर काढला, त्यातून सहा चिमुकले वायसर कापले आणि प्रत्येक तारेखाली, ती पट्टीवर टेकते तिथं, एकेक बसवला. पट्टीखाली कातड्याची गादी घातली. स्प्रिंगांच्या पोकळीत सुताचा गुंता ठासला. न मागता, आपलेपणाने केलं. एवढं केल्यावर तार छेडून हात लावला, तर यंत्र कसं निवांत. मेल्यासारखं शांत. त्याला फार समाधान वाटलं.

"वाजवून बघितलं काय?" सुंदरम्माने विचारलं.

"बघितलं की," म्हणत त्याने पाठ फिरवली.

जोतीराम गिटार न्यायला आला तेव्हा शेजारच्या ईरण्णाचे आठ माग जोरात चालू होते. विजेवरची गिटार आवाज वाढवणाऱ्या मशीनला जोडल्याशिवाय तशीही पुटपुटते, त्या खडखडाटात काय कळणार? त्याने ठोकळ्याची चमक बघितली, दांडा दाबून बघितला आणि हरखला.

"कसं वाजतंय, आप्पा?" केस हलले.

"झक्कास," ईश्वरप्पाने ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोतीराम परत आला. या वेळी मिशीचीही टोकं पडली होती. तो काहीतरी बराच वेळ सांगत राहिला, हात हलवत राहिला, एकदा तर कपाळावर मारून घेतलं. ईश्वरप्पाने मान डोलावली. बारा वर्षांत या दुकानातून गेलेलं काम परत आलं नव्हतं. आणि आलं तर का आलं, हे ज्याला विचारायचं त्याचं तोंडच दिसत नव्हतं.

"ठेवून जा," तो म्हणाला. "बघतो."

जोतीराम गेल्यावर त्याने गिटार तीनदा खोलली, तीनदा मिटली. ठोकळा जागच्या जागी. स्क्रू घट्ट. कुठं हलत नाही, कुठं खुळखुळत नाही. यंत्रात दोष नाही आणि गिऱ्हाईक रडतंय. म्हणजे दोष असा, जो फक्त कानाला कळतो. हे लक्षात आलं आणि ईश्वरप्पाने गिटार चौथ्यांदा न खोलताच बाजूला ठेवली. उद्या जोतीराम पेठेत सांगणार, की हत्तुरेआप्पाला धड वाजतंय का मेलंय तेही कळत नाही. झालं. मूठ उघडली.

संध्याकाळी त्याने भाकरी अर्धीच खाल्ली. सुंदरम्माने दोनदा विचारलं, "काय झालं?" त्याने दोनदा ताटात बघितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी स्टुलावर एक अनोळखी माणूस येऊन बसला. ईश्वरप्पाने निरखून पाहिलं आणि त्याच्या हातातली कानस खाली पडली. जोतीराम होता. मिशी नव्हती. ओठावरची जागा पांढरीफटक, बाकी चेहरा रापलेला.

"अरे देवा," ईश्वरप्पा उठूनच उभा राहिला. "वडील गेले काय रे? कधी?"

"न्हाय, आप्पा, न्हाय. म्हातारा ठणठणीत हाय," जोतीराम घाईने म्हणाला. "हापिसात बी सकाळपास्नं चौगांनी गळ्यात पडून झालं. कुणी मेलं न्हाय. गिटार तेवढी मेली."

ईश्वरप्पा त्याच्याकडं बघतच राहिला. शब्दन् शब्द कळला होता. ओठ कसे पुस्तकासारखे उघडे.

जोतीराम सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगू लागला. पडद्याचं सांगितलं, रावजीचं सांगितलं, कुर्डुवाडीच्या अकॉर्डियनचं सांगितलं. "आधी सूर चार आकडं तर टिकायचा. आता तार छेडली की नुसतं ठप. चादर झटकल्यावाणी. रविवार चार दिसांवर आलाय, आप्पा."

"ते कळलं," ईश्वरप्पा म्हणाला. "मिशी का काढलीस?"

जोतीरामने खाली बघितलं. मग आतल्या दाराकडं बघितलं. दारात सुंदरम्मा पदराला हात पुसत उभी होती.

"अव्वा म्हणाल्या," तो पुटपुटला. आता ओठ दिसत असल्यामुळं पुटपुटणंही कळलं. "काल वाटेत गाठलं मला. म्हणाल्या, तुझी मिशी आडवी येतीया. यांना तुझं बोलणं दिसंना."

मग ईश्वरप्पाने आपलं हुकमी हत्यार काढलं. त्याने डोळे गच्च मिटून घेतले. भांडणात त्याला हरवणं अवघड होतं ते यामुळेच. डोळे मिटले की समोरच्याला बोलायची सोय नाही. सुंदरम्माला या सवयीची सवय होती. ती त्याच्या समोर येऊन बसली आणि वाट बघू लागली.

मिटल्या डोळ्यांआड ईश्वरप्पाला फार लाज वाटत होती. मग एकेक आठवू लागलं. गिऱ्हाइकं न सांगता बरोबर उजेडाकडं तोंड करून बसतात. ईरण्णा कधीच "ऐकून बघा" म्हणत नाही, "हात लावून बघा" म्हणतो. आणि ही बाई. बारा वर्षांत हिने एकदाही चुलीपासून हाक मारली नाही. पीठ मळलेल्या हातांनी उठते, उंबऱ्यात येते, समोर उभी राहते आणि मग "जेवायला या" म्हणते. त्याला वाटायचं, बाईच्या जातीला उठबस करायची खोड असते.

त्याने एक डोळा उघडला. "कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"कधीपासून?"

"गिरणी सुटली तेव्हापासून. अय्यो, तुम्ही बोलता केवढ्यांदा! पलीकडच्या गल्लीत पार्वतम्माला आपल्या घरात भाजी काय झाली ते रोज कळतं."

"मग लोक काम का आणतात?"

"माग काय तुम्हाला ऐकवायला आणतात? नीट करून घ्यायला आणतात."

ईश्वरप्पाने दुसरा डोळाही उघडला. रागवावं की काय करावं ते त्याला समजेना. बारा वर्षं ज्या ओझ्याखाली वाकला होता ते कुणीतरी हळूच उतरवून बाजूला ठेवलं होतं, आणि आता पाठ ताठ करायला जमत नव्हती. तो उठला, फळीवरनं लाकडी मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर घेतला आणि जोतीरामला म्हणाला, "छेड तार."

गिरणीत चारशे मागांत एकाचं बेअरिंग कण्हत असलं तर कानाने शोधता येत नसे. मग जॉबर स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरत आणि टोक मागाच्या सांगाड्याला लावत. सांगाड्यातलं दुखणं जबड्यातून थेट डोक्यात शिरायचं. ही युक्ती ईश्वरप्पाने दुकान टाकल्यापासून सोडली होती. कान शाबूत असलेला माणूस मूठ कशाला चावेल, असं लोक म्हणाले असते. आता लपवायचं काहीच उरलं नव्हतं. त्याने मूठ दातांत धरली आणि टोक पितळेच्या ठोकळ्यावर टेकवलं.

जोतीरामने तार छेडली. जबड्यात एक कंप आला आणि लगेच विरला. पुन्हा छेडली, पुन्हा तेच. ईश्वरप्पाने भुवया आवळल्या. मग चिमट्याने एका तारेखालचा कातडी वायसर उपटून काढला, तार पितळेवर टेकवली आणि खूण केली.

या वेळी कंप आला तो थांबेना. दातांतून जबड्यात गेला, जबड्यातून गालफडात, तिथून कानामागं. जिथं बारा वर्षांत काही पोचलं नव्हतं तिथं काहीतरी बारीक, लांब, गोड असं येऊन रेंगाळत राहिलं. तो आवाज होता की नुसतीच थरथर, ते त्याला सांगता आलं नसतं. ईश्वरप्पाला रडू फुटलं. आणि दातांत स्क्रूड्रायव्हर असल्यामुळं बिचाऱ्याला धड रडताही येईना.

"आप्पा, लागलं काय कुटं?" जोतीराम घाबरला.

ईश्वरप्पाने मूठ तोंडातून काढली, डोळे बाहीला पुसले. "गाढव आहे मी," तो पेठभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "जन्मभर थरथर मारली. हिला ती पाहिजे! हिला थरथर खायला घालायची असते बे!"

मग तो सुटलाच. सगळे वायसर काढले, गादी काढली, सुताचा गुंता काढून बोळा करून सुंदरम्माकडं फेकला. तारा टेकतात ते सहा तुकडेही कच्च्या जस्ताचे होते, तेही पितळेचे केले. ठोकळा पट्टीला असा भिडवला, की मधे केस जाईना. प्रत्येक पायरीला मूठ दातांत आणि जोतीराम तारेवर. शनिवारी दुपारपर्यंत ईश्वरप्पाची दाढ दुखायला लागली, पण तो थांबायला तयार नव्हता. शेवटी सुंदरम्माने गिटारच उचलून जोतीरामच्या हातात दिली.

रविवारी दुपारी साडेतीनचा खेळ. जोतीरामने दोघांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. सुंदरम्मा ठेवणीतली इरकल नेसली होती. ईश्वरप्पाच्या कोटाच्या खिशातून स्क्रूड्रायव्हरची मूठ डोकावत होती. ती तिने नाट्यगृहाच्या दारातच काढून आपल्या पिशवीत टाकली. लोकांत काही चावायचं नाही, असं बजावलं.

दिवे गेले. अंधार झाला, तसा ईश्वरप्पा कावराबावरा झाला. ओठ नाहीत, हात लावायला लोखंड नाही. आत सूर लागला की नाही, लागून मेला की काय, काही कळायला मार्ग नाही. पोराची जागा, आपलं काम, सगळं त्या पडद्यामागं आणि आपण इथं दगडासारखे. त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला.

सुंदरम्माने त्याचा हात सोडवला, उलटा केला आणि तळव्यावर आपला अंगठा दाबून धरला.

सूर लागला होता, आणि तो टिकेल तोवर अंगठा राहणार, हे त्याला न सांगता कळलं. ईश्वरप्पा मनात मोजू लागला. एक, दोन, तीन. पडद्याला फट पडली. चार. अंगठा होता. पाच, सहा. फटीतून उजेड आला, रावजी म्हातारा दोराला लोंबकळत असणार. सात. अंगठा तसाच. आठला पडद्याआडून जोतीराम दिसला, बिनमिशीचा, एक हात दांड्यावर. तो दांडा हळूहळू दाबत, सोडत होता. आणि तळव्यावर सुंदरम्माचा अंगठाही तसाच हलकेच झुलू लागला. नऊ. दहा. पडदा दोन्ही बाजूंना पोचला. बाजूला उभा असलेला हिंदुराव दात दाखवत हसत होता. अकॉर्डियनवाला कुर्डुवाडीतच राहणार होता.

मग ढोलकवाल्याचे हात पडू लागले, गाणारी पुढं आली, शेजारपाजारचे लोक टाळ्या पिटू लागले. म्हणजे तो सूर केव्हाच संपला असणार, एवढं ईश्वरप्पाला डोळ्यांनी दिसत होतं. अंगठा मात्र तळव्यावर तसाच होता.

"संपला काय ग?" त्याने विचारलं. मागच्या चार रांगा वळून बघू लागल्या.

सुंदरम्माने चेहरा रंगमंचाच्या उजेडाकडं केला, म्हणजे त्याला ओठ नीट दिसतील. "अजून नाही," ती म्हणाली.

जन्मभर लोकांचे ओठ वाचलेल्या माणसाला त्यातलं खोटं कळणार नाही असं नव्हतं.

"हौदु," ईश्वरप्पाने कानडीत हो म्हटलं, आणि हात तिथंच राहू दिला.